आई-बाबा, ते घर आमच्यासाठी ठेवू नका

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबा पावसाचं बोलायला लागतात आणि आईचा आवाज बारीक होतो, म्हणून लिहितीये. दोघांनी मिळून वाचा, दुपारचा चहा झाल्यावर, आणि लगेच फोन करू नका, दोन दिवस जाऊ द्या.

परवा आई म्हणाली की तो एजंट परत येऊन गेला आणि बाबांनी त्याला "मुलांना विचारून सांगतो" म्हणून परत पाठवलं. मला त्या रात्री झोपच लागली नाही. बाबा, आम्हाला विचारण्यासारखं काही नाहीये हो. दादाशी पण बोलले मी, त्याचं पण हेच म्हणणं आहे. घर विकायचं, बिल्डरला द्यायचं की तसंच ठेवायचं, ते तुम्ही दोघांनी ठरवा, पण आमच्यासाठी म्हणून ठेवू नका. बाकी सगळं पत्र एवढ्याचसाठी आहे.

ते घर म्हणजे काय हे मला माहितीये. आजोबांनी प्रभात रोडच्या गल्लीत प्लॉट घेतला तेव्हा पेठेतले लोक म्हणाले होते की एवढ्या लांब कोण जाऊन राहणार, आणि मग १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नारायण पेठेतली आजीची सगळी माणसं त्याच लांबच्या घरात महिनाभर राहिली, जिन्याखाली सुद्धा अंथरुणं होती म्हणे. त्यानंतरच्या पावसाळ्यात आजीनं गेटपाशी बकुळ लावली. जिन्याचा कठडा बर्मा टीकचा, तिसऱ्या पायरीजवळ हात ठेवून ठेवून गुळगुळीत झालेला, डोळे मिटले तरी माझा हात बरोबर तिथे जातो. मागच्या खोलीतली आंब्यांची आढी, आईनं पेंढ्यात हात घालून वासावरूनच सांगायचं की हा उद्याला होईल. यातलं काहीही मला स्वस्तात जाऊ द्यायचं नाहीये.

पण बाबा, मागच्या जूनमध्ये पन्हाळीत पानं अडकली म्हणून तुम्ही एकटे गच्चीवर चढलात, गुडघा असा असताना, आणि आईनं मला ते आठ दिवसांनी सांगितलं. वरच्या दोन खोल्या तर तीन वर्षं उघडलेल्याच नाहीत.

आता आमच्या इथलं, अमेरिकेतलं सांगते, कारण घर घेताना मी जे बघितलं ते तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. पोर्टलंडचा हा भाग आपल्या गल्लीसारखाच, दोन्ही बाजूंनी मोठी झाडं आणि सगळी सुटी सुटी जुनी घरं, आमचं १९२६ चं. विकणाऱ्या बाई ८४ वर्षांच्या, त्या घरात ५१ वर्षं काढलेल्या. इथे जुनं घर घेण्याआधी इन्स्पेक्शन करतात, एक माणूस मैलापाण्याच्या पाइपात कॅमेरा सोडतो, आणि आम्ही अंगणात उभं राहून स्क्रीनवर बघत होतो तर त्या जुन्या मातीच्या पाइपात झाडाची मुळं अगदी केसांसारखी पसरलेली. मग अंगणात जुनी तेलाची टाकी पुरलेली आहे का ते बघायचं, कारण पूर्वी घर गरम करायची भट्टी तेलावर चालायची आणि टाकी गळत असली तर माती साफ करण्याचा खर्च डोक्यावर बसतो. त्या बाईंनी काहीच लपवलं नाही. पाइपाचे पैसे किमतीतून कमी केले, आणि चावी देताना स्वतः सगळं घर फिरवून दाखवलं, कुठला नळ उलटा फिरतो, कुठली खिडकी पावसात अडकते. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या खुणा होत्या, ती चौकट तेवढी त्या काढून घेऊन गेल्या. आता दोन रस्ते पलीकडे छोट्या फ्लॅटमध्ये राहतात, आणि येता जाता आमच्या गुलाबांकडे बघून हात करतात.

आणि त्याच्या आधी आम्ही आणखी एक घर बघितलं होतं, ते मला तुम्हाला सांगायचं नव्हतं पण सांगते. मालक गेलेले, मुलं लांबच्या राज्यांत, त्यांना सुट्टी मिळाली चार दिवसांची. मग एका कंपनीला घरातलं सामान विकायला दिलेलं. आम्ही गेलो तेव्हा अनोळखी लोक कपाटं उघडत होते. स्वयंपाकघरात मापाचे कप एकात एक ठेवलेले आणि सगळ्यात वरच्यावर एक डॉलरचं स्टिकर. मी बाहेर येऊन गाडीत बसले आणि खूप रडले, तुझी पितळी मापं आठवली ना गं आई. मला तसं नकोय. चार दिवसांची रजा टाकून, डोळ्यांत पाणी घेऊन, कुणाच्या तरी घाईनं मी ते घर रिकामं करतीये, असं नकोय मला. जे करायचं ते तुम्ही दोघं असताना, तुमच्या मनासारखं, तुमच्या हातानं व्हावं.

तर बाबा, विकायचं ठरलंच तर काही गोष्टी. आपल्या गल्लीत घर कुणी घेत नाही, प्लॉट घेतात. एजंट जो भाव सांगतो तो जमिनीचा, घराची किंमत तो शून्य धरतो, उलट पाडायचा खर्च वजा करतो. त्यामुळे तो "घर जुनं झालंय, गळतंय" म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका आणि भाव तर मुळीच कमी करू नका, त्याला गळतीशी काही देणंघेणं नाहीये. त्याचं लक्ष रस्त्याच्या रुंदीवर. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर, म्हणजे दुसरीकडचा विकत घेतलेला जादा बांधकामाचा हक्क, वापरता येत नाही, म्हणून तर २०२० मध्ये महापालिकेनं सहा मीटरचे रस्ते नऊ मीटर करायचं काढलं तेव्हा सगळीकडे एवढी गडबड झाली होती. तो सांगेल त्यावर जाऊ नका, आर्किटेक्टला पैसे देऊन आपल्या प्लॉटवर नक्की किती बांधता येतं ते आधी काढून घ्या.

बिल्डरला देऊन त्याच जागी फ्लॅट घ्यायचा विचार असेल तर एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आपला प्लॉट ४,८०० स्क्वेअर फूट, म्हणजे साधारण ४४६ स्क्वेअर मीटर, आणि ५०० स्क्वेअर मीटरपर्यंतच्या प्रोजेक्टला रेराची, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी सक्तीची नाही. म्हणजे काम अडलं तर रेराचा आधार आपल्याला धरता येईलच असं नाही, जे काही आहे ते आपल्या ॲग्रीमेंटमध्येच पाहिजे, भाडं किती महिने, उशीर झाला तर किती, आणि बँक गॅरंटी. समोरच्या काकू अडीच वर्षं म्हणून निघाल्या आणि पाच वर्षं झाली भाड्याच्या घरात आहेत. तुमची ती पाच वर्षं मला कुणालाच द्यायची नाहीयेत, म्हणून माझं मन विचाराल तर सरळ विकावं आणि जवळच, लिफ्ट असलेल्या बिल्डिंगमध्ये, तयार फ्लॅट घ्यावा. कमला नेहरू पार्क चालत जाता येईल असा.

पण त्याच्याही आधी आत्या. प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचंच नाव आहे ना? आजोबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं आणि घर त्यांच्या स्वतःच्या कमाईचं, म्हणजे १९५६ च्या कायद्यानं आत्याचा हिस्सा तुमच्याइतकाच. ती कधी मागणार नाही, हे मला माहितीये आणि तुम्हालाही. म्हणूनच एजंटला हो म्हणायच्या आधी तुम्ही तिच्याकडे जा, समोर बसून विचारा, आणि ती जे म्हणेल ते नोंदणी करून कागदावर आणा. तिला देऊन जे उरेल ते तुमचं.

टॅक्सचं सीएला विचाराच, पण मला कळलं ते असं की जुलै २०२४ च्या बदलानंतरही भारतात राहणाऱ्याला जुन्या घरासाठी दोन्हीतलं कमी पडेल ते घेता येतं, महागाईची सूट न घेता नफ्यावर साडेबारा टक्के किंवा सूट घेऊन वीस टक्के. नफा काढताना मूळ किंमत म्हणून १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, त्याचा व्हॅल्युअरकडून रिपोर्ट करून ठेवा. विकल्यावर दोन वर्षांच्या आत फ्लॅट घेतला तर त्यात गुंतलेल्या रकमेवरचा टॅक्स वाचतो. मी परदेशात, म्हणून मला तो वीस टक्क्यांचा पर्याय मिळत नाही, आणि मी विकलं तर टीडीएस सुद्धा तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त कापतात. म्हणजे "मुलीसाठी ठेवलं" तरी मुलीला ते जडच जाईल बाबा.

बकुळीचं मी वाचलंय. पन्नास वर्षांच्या वरचं झाड आता कायद्यात प्राचीन वृक्ष धरतात, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. घेणाऱ्याला पहिल्याच भेटीत ते सांगा, ज्याला झाड ठेवून प्लॅन करता येईल त्याला थोडं कमी पैसे घेऊन दिलं तरी माझी काही तक्रार नाही. आणि इथे १९४० पर्यंतचं घर पाडायचं असेल तर शहराचा नियम आहे, मशीन घालून पाडता येत नाही, हातानं एकेक फळी सोडवायला लागते, लाकूड परत वापरता यावं म्हणून. आपल्याकडे तसा नियम नाही पण ॲग्रीमेंटमध्ये लिहून घेता येईल, दारं, खिडक्या आणि तो कठडा आधी आपण काढून घेणार. कठडा मला पाहिजे. इथे कसा आणायचा ते बघते मी, दादाकडे राहू दे तोपर्यंत.

मी डिसेंबरमध्ये येतीये, पाच आठवडे, रजा मंजूर झालीये. वरच्या खोल्या आपण मिळून उघडू, आई, तू खुर्चीवर बसून सांग काय कुणाला द्यायचं, मी चिठ्ठ्या लावते. नाही विकायचं ठरलं तर तेही चालेल, मग गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि खालच्या बाथरूममध्ये धरायला दांडे, ते मी करून घेऊनच परत जाईन.

तोवर बाबा, प्रॉपर्टी कार्डाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवा, दोन्ही बाजूंचा. आणि पन्हाळ साफ करायला माणूस बोलवा, पैसे मी पाठवलेत.

तुमची,
छोटी