न्यायाधीश वाढवा, पण समन्स कोण बजावणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोर्टात तुंबलेल्या दाव्यांविषयी आपल्या वाचकांच्या पत्रांतून सध्या बरीच चर्चा चालू आहे. न्यायाधीश वाढवा, उन्हाळ्याची सुट्टी कमी करा, तारखा मागणाऱ्या वकिलांना दंड ठोका, असा एकंदर सूर दिसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि पुणे मात्र हात चोळत बसले, यावरही कुणी कुणी तळतळून लिहिले आहे. मी पुणे जिल्ह्यातल्या कोर्टांत कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. या सगळ्या पत्रांत मला बेलिफ, म्हणजे समन्स घरोघर जाऊन बजावणारा कोर्टाचा माणूस, हा शब्द एकदाही सापडला नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

कोर्टाचा एक दिवस कसा जातो ते आधी सांगते. न्यायाधीश अकराला डायसवर बसतात. आमचे काम त्याच्या आदल्या संध्याकाळीच सुरू झालेले असते. उद्याच्या तारखेची प्रकरणे कपाटातून काढायची, निशाणी एकपासून कागद क्रमाने आहेत का ते पाहायचे, दुपारी खिडकीवर दाखल झालेला अर्ज टोच्याने भोक पाडून दोऱ्यात ओवायचा, बेलिफाचा रिपोर्ट आला असेल तर तोही लावायचा. एखादा रिपोर्ट लावायचा राहिला की दुसऱ्या दिवशी ते प्रकरण पुकारले जाते, समन्स बजावल्याचा कागदच फाइलमध्ये नसतो आणि पक्षकार एक तारीख फुकट घेऊन घरी जातो. त्याला वाटते, साहेबांनी तारीख दिली. ती खरी दिलेली असते कपाटामागच्या टेबलाने. त्या टेबलावर दोन माणसांचे काम एकजण करत असतो, हे त्या बिचाऱ्याला दिसत नाही.

कनिष्ठ स्तर दिवाणी कोर्टात ऐंशी-नव्वद प्रकरणांचा बोर्ड, म्हणजे त्या दिवसाची यादी, असणे यात नवल काहीच नाही. शिपाई पुकारे करून दमतो. दुपारच्या सुट्टीपर्यंत त्यातली बरीचशी उरकतात आणि रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, काय लिहिलेले असते? समन्स प्रतीक्षेत. वादीने भत्ता (समन्स बजावण्याचा खर्च) भरावा. प्रतिवादी क्रमांक तीनचे वारस रेकॉर्डवर घेणे. मोजणीचा अहवाल येणे. विरुद्ध बाजूचे म्हणणे दाखल होणे. यातल्या एकाही गोष्टीला न्यायाधीशाची बुद्धी लागत नाही, त्याची सही मात्र लागते. पुरावा नोंदवायचा, युक्तिवाद ऐकायचा, असे खरे काम पाच-सहा प्रकरणांत असते आणि ती उघडेपर्यंत तीन वाजतात. सकाळपासून बाकावर बसलेल्या साक्षीदाराचा उलटतपास रंगात यायला आणि साडेपाच वाजायला एकच गाठ पडते. आता शिवाजीनगरला जिल्हा न्यायालय नावाचे मेट्रो स्टेशन झाले आहे, दोन्ही मार्गिका तिथे एकमेकींना मिळतात, स्वारगेटचा माणूस चुटकीसरशी कोर्टाच्या दारात उतरतो. उतरतो आणि मग आत जाऊन चार वाजेपर्यंत बसतो.

आता कायद्याची गंमत पाहा. सुनावणीच्या काळात एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत, ही दिवाणी प्रक्रिया संहितेतली दुरुस्ती २००२ पासून लागू आहे. प्रतिवादीने कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, तीस दिवसांत द्यावी, फार तर नव्वद, हेही त्याच संहितेत आहे. चर्चासत्रांत या दोन तरतुदींवर तावातावाने भाषणे होतात. पण तहकुबींचा हिशेब सुनावणी सुरू झाल्यावर लागतो, आणि कैफियतीचे दिवस मोजायचे ते समन्स हातात पडल्यापासून. समन्सच बजावले गेले नाही, तर दोन्ही घड्याळे बंद. त्या काळात दावा कुणीच लांबवत नसतो. वकील नाही, न्यायाधीश नाही, पक्षकारही नाही. तो नुसता पडून असतो, आणि या पडून राहण्याबद्दल कुणालाही जाब विचारता येत नाही.

समन्स निघते कसे? वादीने भत्ता भरायचा, दाव्याच्या नकला द्यायच्या, लिपिकाने समन्स तयार करायचे, सही-शिक्का होऊन ते नाझरकडे, म्हणजे बेलिफांच्या शाखाप्रमुखाकडे, जायचे आणि नाझराने भागाप्रमाणे बेलिफांना वाटायचे. प्रतिवादी बीड किंवा नांदेडचा असेल तर समन्स टपालाने तिकडच्या कोर्टात जाते, तिथला नाझर ते आपल्या बेलिफाला देतो आणि रिपोर्ट पुन्हा टपालाने इकडे येतो. यातल्या कोणत्याही पायरीवर एक माणूस रजेवर असला तरी पुढची तारीख वाया गेलीच समजा.

मी एका तालुक्याच्या कोर्टात होते तेव्हा तिथे एक बेलिफ होते, त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो. भर दुपारी ते कधीच कुणाच्या दारात गेले नाहीत. शेतकरी माणूस दुपारी घरी सापडत नाही, हे सांगायला काही मॅन्युअल लागत नाही. ते दिवेलागणीला सायकल पारापाशी लावून, चहा पिऊन, मग उठायचे. कोण सासुरवाडीला गेलाय, कोण घरात असून बायकोला बाहेर पाठवतोय, हे त्यांना पारावरच कळायचे. 'सदर इसम घरी मिळून आले नाहीत, शेजारी चौकशी करता परगावी गेल्याचे समजले' हे वाक्य त्यांच्या रिपोर्टात क्वचित असायचे. इतरांच्या रिपोर्टात ते इतके असायचे की त्याचा रबरी शिक्का करून घ्यावा, असे मी एकदा बोलून गेले होते. कुणाला आवडले नाही.

काका आज असते तर वाघोलीच्या किंवा हिंजवडीच्या टॉवरपुढे त्यांनी काय केले असते कोण जाणे. तिथे पार नाही, शेजारी नाही. गेटवरचा वॉचमन अ‍ॅपवरून वर फोन लावतो, कोर्टाचा माणूस आलाय म्हणतो, वरून उत्तर येते, साहेब घरी नाहीत. बेलिफ आत तरी कसा जाणार? पत्त्यांची तऱ्हा आणखी निराळी. सर्व्हे नंबर, गल्ली नंबर, 'गणेश मंदिराजवळ'. पुण्यात गणेश मंदिराजवळ कोण राहत नाही! एका माणसाकडे अशी गठ्ठाभर समन्स आणि निम्मे शहर, वर मनाई हुकूम, जप्तीची वॉरंट, जागेचा ताबा देणेही त्याच्याच गळ्यात. ताबा द्यायला जाताना पोलीस बंदोबस्त मिळाला नाही तर तो दिवस तर गेलाच, आणि त्या दिवशी बजावायची समन्सही राहिली.

आता बेलिफाच्या हातात मोबाइल आला आहे. एनस्टेप नावाच्या अ‍ॅपमध्ये बजावणीच्या जागेचा फोटो आणि ठिकाण नोंदले जाते. हे उत्तम झाले. झाडाखाली बसून रिपोर्ट लिहिणाऱ्यांची सोय गेली. ई-मेलने समन्स पाठवण्याची वाट तर दिवाणी कायद्यात २००२ च्या दुरुस्तीनेच मोकळी केली आहे, आणि फौजदारीत १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनेही इलेक्ट्रॉनिक समन्स मान्य केले आहे. पण दावा लिहिताना प्रतिवादीचा मोबाइल नंबर आणि ई-मेल टाकायचा आळस वकिलांच्या कचेरीत होतो. ज्याच्याशी वीस वर्षे भाऊबंदकी चालली आहे, त्याचा नंबर वादीकडे नसतो असे मला तरी वाटत नाही. शेवटी माणूस सापडत नाही म्हणून प्रतिज्ञापत्र, मग अर्ज, मग त्यावर हुकूम, आणि मग आपल्याच वृत्तपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात जाहीर समन्स. त्या जाहिरातींचे पैसे आपल्याला मिळतात हे मला ठाऊक आहे, तरी सांगते. ती प्रत्येक चौकट म्हणजे आधीच्या कित्येक वाया गेलेल्या तारखांची पावती असते.

संगणकाने काहीच झाले नाही, असे मी म्हणणार नाही. पूर्वी नुसती पुढची तारीख विचारायला माणूस एसटीचे तिकीट काढून यायचा आणि लिपिकाच्या टेबलाशी ताटकळायचा. तिथे चहापाणी मागणारे होते, न मागता देणारेही होते, मी दोन्ही पाहिले आहेत. आता एमएचपीयूने सुरू होणारा सोळा अक्षरांचा सीएनआर, म्हणजे प्रकरणाचा ओळख क्रमांक, फोनमध्ये टाकला की तारीख दिसते. मात्र ती दिसण्यासाठी त्याच संध्याकाळी सगळ्या बोर्डाच्या नोंदी कुणीतरी भराव्या लागतात, आणि हा कुणीतरी म्हणजे उद्याचा बोर्ड काढून ठेवणारा तोच लिपिक. ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले. त्यातून स्कॅनिंग होईल, सर्व्हर येतील. बेलिफाच्या पेट्रोलचा त्यात विचार आहे का, हे एखाद्या जाणकार वाचकाने लिहावे.

माझी सूचना साधी आहे, आणि ती मी काही मनाने रचलेली नाही. न्यायालयीन आणि बिगरन्यायालयीन कामे प्रबंधकाकडे (रजिस्ट्रारकडे) किंवा कोर्टाच्या इतर अधिकाऱ्याकडे सोपवण्याचे नियम उच्च न्यायालयाला करता येतात, असे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १२८ मध्ये सरळ लिहिले आहे. ज्या प्रकरणात समन्स बजावले गेलेले नाही, भत्ता भरलेला नाही, वारस लावायचे आहेत किंवा अहवाल यायचा आहे, ते डायसवर जाऊच नये. सहायक अधीक्षकाने साडेदहाला वेगळ्या टेबलावर त्याची तारीख द्यावी, काय बाकी आहे ते वकिलाच्या कारकुनाला लेखी सांगावे, आणि दोनदा सांगूनही झाले नाही तरच ते साहेबांपुढे न्यावे. उरलेल्या वीस-पंचवीस प्रकरणांना सकाळ आणि दुपार अशा वेळा नेमून द्याव्यात. दुपारच्या साक्षीदाराला अकराला बोलावण्याचे काही कारण नाही. वकिलांचा याला विरोध होईल, कारण 'दुसऱ्या कोर्टात होतो' हे कारण मग चालणार नाही. होऊ द्या.

कोर्टाचा प्रशासकीय कारभार पाहणारे कोर्ट मॅनेजर नेमले की हे सगळे सुटेल, असेही मध्यंतरी बोलले जायचे. तेराव्या वित्त आयोगाने २०१० ते २०१५ या काळासाठी न्यायव्यवस्थेला ५,००० कोटी दिले, त्यातले ३०० कोटी या मॅनेजरांसाठी होते. एमबीए झालेली हुशार मुले-मुली आली. माझ्या पाहण्यातल्या एकाला वर्षभर तक्ते भरायला आणि पाहुण्यांच्या दौऱ्याची गाडी-घोडी बघायला लावले. बिचारा सोडून गेला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना त्यांच्या नेमणुकीचे नियम करायला सांगितले आहे, ते होतील तेव्हा होवोत. त्यांच्यामुळे निदान प्रमुख न्यायाधीशांच्या टेबलावर खुनाच्या खटल्याच्या निकालाशेजारी पाण्याच्या मोटारीच्या दुरुस्तीचे पत्र आणि शिपायाच्या रजेचा अर्ज येणार नसेल, तर मी पेढे वाटीन. पण मॅनेजरला नाझर शाखेत महिनाभर बसवल्याशिवाय कुठलाही तक्ता करायला देऊ नये.

राहता राहिला न्यायाधीश वाढवण्याचा मुद्दा. दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले आहे आणि आपण त्याच्या निम्म्यावरही नाही. तेव्हा न्यायाधीश हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण नवे कोर्ट मंजूर होते तेव्हा शासन निर्णयात न्यायाधीशाच्या एका पदाखाली सहायक अधीक्षक, लघुलेखक, लिपिक, बेलिफ, शिपाई अशी पदांची यादी असते. वृत्तपत्रात बातमी फक्त पहिल्या ओळीची येते. खालची पदे कधी रिकामी राहतात, कधी जुन्या कोर्टातली माणसे उसनी आणून भरतात, आणि मग जुन्या कोर्टाचे दप्तरही मागे पडते. वकील संघटनेने पुढच्या वेळी नव्या कोर्टाची फीत कापण्याआधी ती यादी हातात घेऊन माणसे मोजावीत. बेलिफ दिसला नाही, तर उद्घाटन तहकूब करावे. पुढची तारीख आमच्यापैकी कुणीही देईल.

आपली,
एक निवृत्त सहायक अधीक्षक, पुणे ३०