मी फॉर्मचं विचारत नाहीये

चिपळूण,
तुळशीच्या लग्नाचा आदला दिवस

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा तुझा मेसेज बाबांच्या फोनवर आला. माझ्या नाही. असो. कुंभार्ली घाटात रात्रीचं धुकं असतं, म्हणून तो येईपर्यंत मी जागी होते, एवढंच.

फोनवर तू "हं" म्हणतेस आणि मग मी दुप्पट बोलते, म्हणून पत्र. यात तुझ्या सीएच्या परीक्षेच्या फॉर्मचं अक्षर काढायचं नाही असं ठरवून बसले आहे.

भाऊबीजेच्या पंगतीत माझं चुकलं. खेंडातल्या काकूंनी इतकी वर्षं आमच्या मुलींच्या शिक्षणाच्या मंडळाचा पैसा सांभाळला, आता त्यांना मोतीबिंदूमुळे आकडे दिसत नाहीत, आणि मी मामाच्या वाटीत बासुंदी वाढता वाढता "आमची मनू आहेच की कोषाध्यक्ष" म्हणून मोकळी झाले. तू पुण्यात, बँक चिपळुणात. चेकवर सही करायला दर महिन्याला घाट उतरणार होतीस का? हे मला आधी सुचायला हवं होतं. तू गेल्यावर बाबा म्हणाले, "तू तिला विचारलं नाहीस, नेमलंस." माणूस चार-चार दिवस काही बोलत नाही, आणि बोलतो ते असं.

पण तूही सगळ्यांदेखत म्हणालीस, "गावातल्या सगळ्या मुलींच्या फीच्या तारखा तुला पाठ. माझ्या दहावीच्या निकालाला कुठे होतीस?"

शिरगावला होते. तुला माहीत आहे. तरी आज एकदा नीट सांगते. बारावी सायन्सला गेलेली मुलगी, आमच्या पुस्तकपेढीतली. तिचं लग्न ठरवलं होतं, तुळशीचं लग्न झालं की पहिल्या मुहूर्तावर. आम्ही तिघी गेलो. तिची आत्या चहावर चहा देत राहिली आणि बाप गोठ्यातून बाहेर येईना. बसलो तशाच. शेवटी आला आणि एवढंच म्हणाला, "बघू." त्या "बघू"वर आम्ही खूश होऊन शेवटची एसटी पकडली. घरी आले तर ओट्यावर वाटी, वाटीवर ताटली, आत दोन पेढे. तू स्वतः दुकानातून आणून आळीत वाटून झाले होते. मार्क मला बाबांनी सांगितले. तू झोपली नव्हतीस, मला कळत होतं, पण मी उठवलं नाही. का ते आजही सांगता येत नाही.

आणि त्या मुलीचं लग्न झालंच, डिसेंबरात. म्हणजे त्या दिवशी मी ना तिकडच्या कामाची झाले ना इकडच्या.

उद्या अंगणात तुळशीचं लग्न लागेल, ऊस मी आजच आणून ठेवलाय. लोकांना ही लग्नसराईची सुरुवात. आमच्या मंडळाला धास्तीचा मोसम. आत्तापासून मेपर्यंत कुठलीतरी मुलगी वर्गात दिसेनाशी होते आणि तिची मैत्रीण हळूच येऊन सांगते. तेवीस वर्षं हे बघते आहे, आणि एक गोष्ट पक्की कळली आहे. शिक्षण सोडते असं कुठलीच मुलगी म्हणत नाही. म्हणते, यंदा नाही बसत, पुढच्या वेळी बसते. तिला ते खरंच वाटत असतं. मग पुढच्या वेळी आजी आजारी, त्याच्या पुढच्या वेळी भाताची कापणी, आणि एक दिवस पुस्तकपेढीची पुस्तकं धाकट्या भावाबरोबर परत येतात, कव्हरं घातलेली, कोरी करकरीत.

तुझा मे गेला. सप्टेंबर गेला. पूर्वी सीएची फायनल वर्षातून दोनदा असायची, आता तीनदा झाली, म्हणजे "पुढच्या वेळी" म्हणायला आणखी एक जागा. पहिल्या ग्रुपचे पेपर पास झालीस तेव्हा तू फोनवर रडलीस आणि दुसऱ्या ग्रुपचं पुस्तक त्यानंतर तुझ्या हातात मी पाहिलं नाही. ऑफिसातून रात्री नऊला येतेस, मान्य. पगार चांगला आहे, मान्य. पण पगार चांगला म्हणूनच...

बघ, सुरू झालं. अक्षर काढायचं नाही म्हणाले होते. खोडत नाही, कारण खोडलेलं तू उजेडासमोर धरून वाचतेस. लहानपणी दादाच्या प्रगतिपुस्तकाचं हेच केलं होतंस. तू काही शिरगावची मुलगी नाहीस, तुला कुणी गोठ्यातून "बघू" म्हणणारं नाही. सव्वीस वर्षांच्या बाईला मी बैठकीतल्यासारखं बोलते आहे. माफ कर.

आज कपाट आवरताना मंडळाच्या हिशेबाची ती वही निघाली. तीच, पुराची. 22 जुलै 2021. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा मंडळाची खोली तळमजल्यावर होती. अकरावी-बारावीची पुस्तकं चिखलात गेली. लोखंडी कपाट उघडलं तर आतून पाणीच बाहेर आलं आणि त्याबरोबर पावत्या. काकू मटकन खालीच बसल्या. तू तेव्हा लॉकडाउनमुळे घरी होतीस, सीएची उमेदवारी, ती आर्टिकलशिप, लॅपटॉपवर चालली होती. लाइट आल्यावर तू त्या वहीचं एकेक पान सुटं करून वर्तमानपत्राच्या घडीत घातलंस आणि वरून कोमट इस्त्री फिरवलीस. घरभर चिखलाचा आणि भाजल्या कागदाचा वास. जिथं शाई फुटली होती तिथं देणगीदारांना फोन करून रक्कम विचारलीस. ताळ्यात ऐंशी रुपये जमेनात. मी म्हटलं, अगं, गाव वाहून गेलंय, ऐंशी रुपये कोण विचारतंय? तू दोन दिवस शोधलेस. गणपतीच्या मोदकांच्या नारळांसाठी केलेल्या रिक्षाचे निघाले.

त्या दिवसापासून मी काकूंना सांगत आले आहे, तुमच्यानंतर मनू. पंगतीत तोंडून निघालं ते असं चार वर्षं मुरलेलं होतं. हे कारण आहे, सबब नाही. की सबबच आहे?

वही अजून फुगलेली आहे. कपाटात उभी राहत नाही, आडवी ठेवावी लागते.

तुला वाटतं तसं हे भिशीचं मंडळ आता राहिलेलं नाही गं. 2024 मध्ये सरकारनं आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केलं, तेव्हा आमच्यातल्या दोघी म्हणाल्या, चला, आता मंडळाला काम नाही. मी म्हटलं, मेसचे पैसे कोण भरणार? खोलीचं भाडं? उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरायला त्या मुलीबरोबर सायबर कॅफेत कोण बसणार? फी माफ झाली म्हणून बापाला वाटतं सगळंच माफ झालं, आणि मुलगी सांगलीच्या होस्टेलात वडापाववर राहते. आता आम्ही मेसवाल्यालाच चेक देतो. मुलीच्या हातात दिला की तो घरी जातो. हे कुणी शिकवलं नाही, दोनदा ठेच लागल्यावर कळलं.

तर कोषाध्यक्षाचं. पागेतल्या मावशींची सून पतसंस्थेत आहे, ती तयार झाली आहे. तिला मी आधी विचारलं! ठराव झाला, आता नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात बदल अर्ज द्यायचा, तो आम्ही देऊ. देणगीदारांना करसवलतीसाठी द्यायचं ते 10 बीई प्रमाणपत्र तिला एकदा फोनवर समजावशील का? नको, राहू दे. इथला सीए बघेल. तू तुझं बघ. तुझं म्हणजे तब्येतीचं म्हणते आहे.

तुझी खोली मी रिकामी केलेली नाही. टेबलावर मंडळाची पुस्तकं ठेवली होती म्हणून रागावलीस ना, ती पडवीत हलवली. टेबल पुसून ठेवलंय. जानेवारीच्या परीक्षेआधी महिनाभर रजा मिळाली तर इथं येऊन बस. इथं कुणी येणार नाही, मी मंडळाची बैठकही दुसरीकडे घेईन. तुला काही विचारणार नाही. जेवायला हाक मारीन तेवढीच.

नाही आलीस तरी चालेल. नाही बसलीस तरी... नाही, हे मला लिहिता येत नाही. खोटं होईल.

पोष्टातून पार्सल करते आहे. कडबोळी वर, चकल्या खाली, मधे कागद घातलाय. डबा निळा आहे, आजीचा, तो हरवू नकोस. तळाशी वाटीत दोन पेढे आहेत, ते आधी खा, टिकणार नाहीत.

तुझी
आई

ता. क. तारीख उलटली तरी विलंब शुल्क भरून थोडे दिवस मिळतात, असं पागेतली सून म्हणाली. मी विचारलं नव्हतं, तीच म्हणाली.