नसेची चाल

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. दंडाचं हाड जुळून आलं, तरी मनगट अजून लोंबतंच आहे, म्हणून ‘हात गेलाच म्हणायचा’ असं तू लिहिलंस. ते वाक्य फार लागलं मला. असे हात मी रोज हाताळतो, म्हणून सांगतो: हाडाची चाल वेगळी, नसेची वेगळी. नस मागे राहणारच.

रेडियल नस, म्हणजे मनगट आणि बोटं उचलणाऱ्या स्नायूंकडे संदेश नेणारी तंतूंची दोरी (रक्ताची नस नव्हे), दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून पुढे येते. नेमकं तिथं हाड मोडलं, की ती चेचते किंवा ताणली जाते. पण तुझ्यासारखी बंद जखम असेल, तर बहुतेक वेळा ती तुटत नाही. सेडन या इंग्रज सर्जनने १९४३ साली नसेच्या इजेचे तीन प्रकार मांडले. पहिल्यात तंतू शाबूत असतात, फक्त संदेश अडतो. ते काही आठवड्यांत सुटतं. दुसऱ्यात आतले तंतू तुटतात, पण भोवतीच्या नळ्या टिकून राहतात. तिसऱ्यात सगळंच तुटतं, तिथं ऑपरेशन लागतं. तुझ्या वर्णनावरून मला दुसरा प्रकार वाटतो.

आता आत काय चाललंय ते ऐक, कारण बाहेरून काहीच दिसत नाही. तंतू तुटला की इजेखालचा त्याचा भाग मरतो; ऑगस्टस वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञाने हे १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून दाखवलं. ऐकायला वाईट वाटतं, पण पुढचं सगळं यावरच उभं आहे. पांढऱ्या पेशी मेलेला माल साफ करतात. तंतूंना लपेटून बसणाऱ्या ‘श्वान’ पेशी (हे एका शास्त्रज्ञाचं नाव) मरत नाहीत. त्या वाढतात आणि रिकाम्या नळीत रांग धरून उभ्या राहतात. मनगट उचलणाऱ्या तंतूची मूळ पेशी मानेतल्या मज्जारज्जूत जिवंत असते. तिथून रसद येते, तुटल्या टोकाला नवा कोंब फुटतो आणि त्या रांगेला धरून खाली सरकतो. मेंदू आणि मज्जारज्जूच्या आत अशी वाट कुणी राखून ठेवत नाही, म्हणून तिथली इजा इतकी हट्टी.

वेग मात्र दिवसाला साधारण १ मिलिमीटर. मोडलेल्या जागेपासून कोपरालगतच्या पहिल्या स्नायूपर्यंत १० सेंटीमीटर धरलेस, तर तीन-साडेतीन महिने त्यातच जातात. मनगट त्यानंतर, अंगठा आणि बोटं उचलणं सगळ्यात शेवटी. तू रोज बोटांकडे बघतोस, म्हणून हताश होतोस. अंगठा वर धरून कोपर वाकव आणि कोपराच्या पुढचा, अंगठ्याच्या बाजूचा स्नायू टणक होतो का ते चाचपून बघ. पहिली खबर तिथं लागेल.

आणखी एक खूण आहे. दंडाच्या बाहेरच्या बाजूने नसेवर खालून वर हलके टिचकी मारत ये. एका जागी अंगठ्याच्या मागे झिणझिण्या उठतील. कोंबाचं टोक तिथवर पोचलंय. ती जागा महिन्यागणिक खाली सरकली पाहिजे. टिनेल या फ्रेंच डॉक्टरने हे १९१५ मध्ये लिहिलं, पहिल्या महायुद्धाच्या काळात. झिणझिण्या आल्या की लोक घाबरतात. मला तर त्या ऐकून आनंद होतो.

हेन्री हेड नावाच्या डॉक्टरने तर १९०३ साली स्वतःच्या डाव्या हातातली याच नसेची कातडीकडे जाणारी शाखा मुद्दाम कापून, जोडून घेतली आणि संवेदना कशी परतते ते रिव्हर्स या सहकाऱ्यासोबत वर्षानुवर्षं नोंदवलं. आधी ढोबळ, बोचरी वेदना आली, हलका स्पर्श फार मागून. तुलाही मधे विचित्र वाटेल, ते तसंच असतं.

मनगटाला आधार देणारं स्प्लिंट सोडू नकोस. दुसऱ्या हाताने मनगट आणि बोटं दिवसातून अनेकदा पूर्ण वर ने. सांधे आखडले, तर नस पोचूनही हात उघडणार नाही. बधिर भागाला गरम भांडं लागू देऊ नकोस.

स्नायू कायम वाट बघत नाही, वर्ष-दीड वर्षानंतर तो हळूहळू निकामी होतो. म्हणून तीन-चार महिन्यांत काहीच हललं नाही, तर डॉक्टरांना ईएमजीबद्दल (स्नायूतले विजेचे संदेश मोजणारी तपासणी) आणि नस उघडून बघण्याबद्दल स्पष्ट विचार. हालचाल दिसण्याआधीच ईएमजीत सुधारणा उमटते. रिपोर्ट आला की मला पाठव, आणि टिचकीची जागा मोडलेल्या ठिकाणापासून किती बोटं खाली आहे तेही लिही.

तुझाच,
विनायक