त्या वॅगनचं नाक मी बसवलंय

संपादक महोदय,

रविवारच्या अंकात जुन्या गाड्यांच्या फोटोखाली ‘१९४६ ची, पूर्णपणे मूळ स्वरूपातली फोर-व्हील विलीज स्टेशन वॅगन’ असं छापलंय. चष्मा पुसून दोनदा वाचलं. अहो, विलीज या अमेरिकन जीपवाल्या कंपनीच्या त्या गाडीचं नाक, म्हणजे पुढची जाळी, मी बसवलंय!

१९७८ साली ती नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गॅरेजात आली. मालक काटोलकडचे संत्रा बागायतदार. कडुलिंबाला धडकून पुढचा भाग पार चेपलेला. मूळ नाक सपाट, उभ्या फटींचं. तसं काही मिळेना. शेवटी भंगारातल्या दुसऱ्या वॅगनचं टोकदार नाक, बॉनेट अन् दोन्ही मडगार्ड उचलून आणले. विलीजचं हे टोकदार नाक आलं १९५० मध्ये. त्यावरच्या आडव्या पट्ट्या आधी पाच होत्या, १९५४ पासून तीन. फोटोत मोजा, तीनच भरतील.

फोर-व्हीलचं, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळण्याचं म्हणाल, तर कंपनीनं या वॅगनला फोर-व्हील दिलं १९४९ मध्ये, मग ४६ ची कुठून येणार? आणि ही तर साधी, मागच्याच चाकांवर चालणारी. खाली वाकून बघा, पुढे एकच पाटा (पट्ट्यांची स्प्रिंग), तोही आडवा. फोर-व्हीलला दोन्हीकडे लांबीत पाटे असतात. इंजिनही तिचं नाही. जुनं साइड-व्हॉल्व्हचं, म्हणजे सगळे व्हॉल्व्ह खाली बाजूला असलेलं, जाम झालं म्हणून महिंद्रा जीपचं टाकलं. जुन्याच्या सपाट हेडवर नुसते प्लग दिसत. याच्यावर व्हॉल्व्ह झाकणारं टॅपेट कव्हर आहे, कारण इंधन-हवा आत घेणारे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले. मागचे दिवे अँबेसेडरचे, ते तर पोरगंही ओळखेल.

अशा गाडीचं वर्ष इंजिन नंबरावरून काढू नये. फायरवॉलवर, म्हणजे इंजिन अन् केबिनमधल्या पत्र्यावर, गाडीच्या नंबराची रिव्हेट मारलेली पट्टी असते, ती वाचावी. हिच्या पट्टीवर रंगाचे थर चढलेत. त्यातला एक माझाच, कबूल.

मालकांना कमीपणा आणायचा नाही. गाडी चालते, हेच खूप. पण ‘मूळ स्वरूपातली’ म्हटलं की आमचं चार महिन्यांचं ठोकणं-कापणं कुठं गेलं? एवढी ओळ दुरुस्त करावी. मालकांची हरकत नसेल तर पट्टी साफ करायला मी येतो. रॉकेल अन् चिंधी माझी.

आपला,
एक निवृत्त फिटर, महाल, नागपूर