शंट बसवला, पण पुढचं काय?

संपादक साहेब, नमस्कार. डोक्यात पाणी साठतं म्हणून माझ्या मुलीला तान्ही असतानाच शंट, म्हणजे ते जादा पाणी पोटात सोडणारी नळी, बसवला, आजही वेणी घालताना कानामागं ती नळी बोटाला लागते आणि धस्स होतं, बंद पडली तर, इन्फेक्शन झालं तर? म्हणून रिसर्च किती गरजेचा ते आमच्यासारख्यांना विचारा. ब्रिटन-आयर्लंडमधे १६०५ पेशंटवर ट्रायल झाली, २०१९ ला लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात आली, अँटिबायोटिक लावलेल्या शंटला इन्फेक्शन २ टक्के आणि साध्याला ६. केवढा फरक! युगांडात १०० बाळांमधे शंट आणि दुर्बिणीचं ऑपरेशन यांची तुलना केली, वर्षभरानं बाळांच्या विकासात खास फरक दिसला नाही. पण एवढ्यावर थांबून कसं चालेल? ही मुलं शाळेत जातात, मोठी होतात, तोवर त्यांचा पाठपुरावा करणारे स्टडी अजून व्हायला हवेत, आणि त्यात काय मोजायचं हे आईबापांनाही विचारा.

— एक आई