पेटीचा भाता तरी हलू द्या

महोदय,

नव्याने सुरू झालेल्या संगीतमय विनोदी मालिकेचे पहिले तीन भाग आम्ही घरच्यांनी एकत्र बसून पाहिले. फार दिवसांनी असा योग आला. भांडण रंगात आले की पात्रे सहज गाऊ लागतात आणि गाणे संपेपर्यंत भांडणाचा निकालही लागलेला असतो; गाण्याचे ठिगळ लावलेले कुठेच वाटत नाही. ‘संगीत संशयकल्लोळ’ १९१६ साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून मराठी माणसाला विनोद आणि गाणे एका ताटात घ्यायची सवय आहे. म्हणूनच अपेक्षाही जास्त.

पहिली तक्रार मागून वाजणाऱ्या हशाची. दुसऱ्या भागात सासूबाई ऐन रागात तान घेतात आणि समेवर येतात न येतात तोच तो हशा कोसळतो. सम ऐकूच येत नाही! हसायचे कुठे, हे आम्हाला कळते.

दुसरी पेटीची. तिसऱ्या भागात काका पेटी वाजवतात, पण भाता मिटलेलाच. माझी दहा वर्षांची मुलगी पेटी शिकते, ती लगेच म्हणाली, “बाबा, भाता बंद आहे, मग सूर कुठून येतोय?” मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली ते हे बडोदे; इथल्या मुलांच्या नजरेतून असले सुटत नाही. निर्मात्यांनी चार दिवस एखादा पेटीवादक हाताशी ठेवावा.

पुढचा भाग आम्ही पाहणारच आहोत.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे