मनूला, पॅकअपनंतर वाचायला

मनू,

काल रात्री पावणेबाराला फोन केलास आणि मधेच 'रेंज जातेय' म्हणून ठेवून दिलास. रेंज बिंज काही गेली नव्हती, आवाज भरून आला की तू असंच करतेस, तिसरीत होतीस तेव्हापासून. परत फोन केला असता तर उचलला नसतास म्हणून हे टाईप करतेय, चष्मा लावून, एका बोटाने, बाबा झोपलेत आणि बाहेर नळाला पाणी यायला अजून तास आहे.

तू म्हणालीस आई मी ३१ची झाले आणि अजून दुसऱ्यांच्या पिक्चरची कंटिन्युइटी लिहितेय, कुणाच्या शर्टाचं कितवं बटन उघडं होतं हे बघतेय आणि माझ्या बरोबरीच्या मुलाचा पिक्चर फेस्टिव्हलला निघाला. बरं. आता माझी एक गंमत सांगते, बाबांना माहितीये आणि ते हसतात म्हणून तुला कधी बोलले नाही. तू नोकरी सोडलीस ना तेव्हापासून एलआयसीच्या जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर मी तुझ्या लाईनमधल्या तरुण मंडळींचा हिशोब ठेवते. नाव, पिक्चर, साल, मधे किती वर्षं गेली. सुरुवात केली ती तुझ्या काळजीने, की या धंद्यात माणूस जगतो कसा ते तरी कळू दे. नंतर नादच लागला.

पहिलं नाव चैतन्य ताम्हाणे. 'कोर्ट' आपण दोघींनी २०१५ला बघितलेला, आठवतंय ना, मी मधे म्हणाले की हे काय चाललंय, कॅमेरा हलतच नाही. पण ती सरकारी वकीलबाई, गीतांजली कुलकर्णी, कोर्टातून निघून लोकलने घरी येते, पोराला घेते आणि स्वयंपाकाला लागते, तिथे मी गप्प झाले. तीस वर्षं मी तेच केलं ऑफिसातून येऊन. आणि शेवटाकडे ते रिकामं कोर्ट, दिवे बंद होतात, अंधार, मला वाटलं संपला, पर्स उचलली, तर पिक्चर पुढे चालूच, जज सुट्टीवर आणि पोरं ओरडली म्हणून एकाला थोबाडीत देतो! घरी येईपर्यंत आपण त्याच्यावरच भांडलो, तू म्हणालीस तिथेच खरा पिक्चर आहे. तेव्हा पटलं नव्हतं, आता पटतं.

बाबा म्हणतात बघ तो २७व्या वर्षी व्हेनिसच्या फेस्टिव्हलला बक्षीस घेऊन आला. हो आला, पण प्रोड्युसर विवेक गोम्बरने त्याला महिन्याला ठरावीक पैसे देऊन लिहायला बसवलं होतं तेव्हा तो पिक्चर झाला, आपल्याकडे कोण बसवतंय. आणि त्यानंतर दुसरा 'द डिसायपल' आला २०२०ला, म्हणजे सहा वर्षं. नॅशनल अवॉर्ड मिळालेल्या माणसाची सहा वर्षं. मधे तो त्या मेक्सिकोच्या डिरेक्टर अल्फोन्सो क्वारोनच्या हाताखाली शिकायला गेला, त्याच्या 'रोमा' पिक्चरच्या वेळेस, म्हणजे एवढं नाव झाल्यावर परत दुसऱ्याच्या सेटवर जाऊन बघत उभा राहिला. हे मी डायरीत लाल पेनाने लिहिलंय.

'द डिसायपल' मी एकटीने बघितला मोबाईलवर, २०२१ च्या एप्रिलच्या शेवटी आला तेव्हा, लॉकडाऊन होता. त्यातला गाणं शिकणारा शरद रात्री रिकाम्या रस्त्यावरून बाईकवर जातो, कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंची जुनी व्याख्यानं, सगळं संथ. तो आवाज सुमित्रा भावेंचा आहे हे तूच नंतर सांगितलंस, आणि पिक्चर यायच्या दहा-बारा दिवस आधीच त्या गेल्या होत्या. मला ते कळल्यावर परत लावून ऐकलं मी. त्या बाईंनीही पहिला पिक्चर चाळिशी ओलांडल्यावर केला, आधी समाजकार्यात होत्या. पण खरं सांगू, तो पिक्चर मला पूर्ण एका दमात बघवला नाही. आयुष्यभर रियाज करून जमलं नाही अशा पोराची गोष्ट आणि समोर दिसतेस तू. दोनदा बंद केला. तिसऱ्यांदा शेवटपर्यंत गेले.

माझा सगळ्यात लाडका मात्र अविनाश अरुण, त्याचं कारण 'किल्ला'. बदली झालेली आई, नवरा गेलेला, कोकणातलं ऑफिस, मुलगा रुसलेला, आणि अमृता सुभाष काही मोठं बोलत नाही, नुसती करत राहते. बर्लिनला मुलांच्या ज्युरीने त्याला बक्षीस दिलं २०१४ला. मग डायरीत बघितलं तर पुढचा पिक्चर 'थ्री ऑफ अस' थेटरात लागला २०२३च्या नोव्हेंबरात! नऊ वर्षं. मी बाबांना म्हटलं काय करत होता हा एवढा वेळ. तर तो दुसऱ्यांचेच पिक्चर शूट करत होता, 'मसान' त्याचा कॅमेरा, अजय देवगणचा 'दृश्यम' त्याचा कॅमेरा, मग 'पाताल लोक' ही सिरीज दुसऱ्याबरोबर मिळून डिरेक्ट केली. आणि 'थ्री ऑफ अस'मधे परत कोकण, वेंगुर्ला, शेफाली शाहची आठवण जायला लागलीय म्हणून ती लहानपणीचं गाव बघायला येते. नऊ वर्षांनी माणूस त्याच समुद्राशी येतो पण नजर वेगळी झालेली असते. 'किल्ला'त पोराच्या उंचीवरून बघितलेलं सगळं, इथे पिकलेल्या बाईच्या डोळ्यातून. मधली नऊ वर्षं कॅमेरा खांद्यावर नसता तर हे आलं असतं का? मला नाही वाटत.

लक्ष्मण उतेकरचं तर तुला माहितीच आहे, एके काळी वडापाव विकलेला माणूस. 'इंग्लिश विंग्लिश' त्याने शूट केलेला, मग 'टपाल' काढला मराठीत, 'लालबागची राणी' काढला, आपल्या लालबागचं नाव म्हणून मी शेजारच्या बायका घेऊन गेले होते, थेटरात आम्हीच जास्त. त्याच माणसाचा 'छावा' २०२५ला ८०० कोटींच्या आसपास गेला. पण माझं मत विचारशील तर मला 'टपाल'वाला उतेकर जवळचा वाटतो, 'छावा'त आवाज फार आहे, डोकं दुखलं. ओम राऊतचं उलटं, 'लोकमान्य' केला, 'तान्हाजी' चालला, आणि मग 'आदिपुरुष'मधे एवढे पैसे घालून लोकांच्या शिव्या, डायलॉगसुद्धा बदलावे लागले. म्हणजे मोठं झालं की सुटलो असंही नाही.

आणि नागराज मंजुळे 'फँड्री' आला तेव्हा ३६चा होता. हे नुसतं सांगून ठेवते.

आता रोहन कानवडे. 'साबर बोंडं'. मुंबईतल्या झोपडपट्टीत एका खोलीत वाढलेला पोरगा, वडील ड्रायव्हर, फिल्म स्कूल नाही, इंटिरियरचं शिकलेला. शॉर्ट फिल्म करत करत २०२५ला अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलचं ग्रँड ज्युरी प्राईज घेऊन आला, तिथे गेलेला पहिला मराठी पिक्चर. सप्टेंबरात इथे लागला तेव्हा आपल्या बाजूला शो नव्हताच, एका मॉलमधे रात्री साडेनऊचा एक, दोन गाड्या बदलून गेलो मी नि बाबा, तिकीट खिडकीवरचा मुलगा म्हणतो काकी हा फॅमिली पिक्चर नाहीये हां. मी म्हटलं बाळा तू दे. वडील वारलेत, गावी दहा दिवसांचं सुतक, पोराच्या लग्नाचा विषय काढणारे नातेवाईक, आणि त्याचा जीव गावातल्याच एका मुलात. आईला सगळं माहीत आहे आणि ती चारचौघात त्याला सांभाळून घेते, भाषण नाही काही नाही. बाबा अख्खा वेळ गप्प होते. परतताना ट्रेनमधे एवढंच म्हणाले, त्याच्या बापाने बघायला पाहिजे होता हा. मनू, स्वतःचे वडील गेल्यावर त्या दहा दिवसांत त्याला हे सुचलेलं. २०१६ची गोष्ट आहे. पडद्यावर यायला नऊ वर्षं. बघ परत नऊच.

पायल कपाडियाचं शेवटी ठेवलं कारण त्यावरून आपलं घरचं काम आहे. ही मुलगी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या २०१५च्या १३९ दिवसांच्या संपात पुढे होती, आणि २०२४ला 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'साठी कानला ग्रँड प्री घेऊन आली, आपल्याकडचा पिक्चर तिथल्या मुख्य स्पर्धेत तीस वर्षांनी गेला. मला नर्सांची गोष्ट आवडली पण मी अडकले छाया कदमवर. पार्वती. नवरा गिरणीत होता, तो गेला, खोलीचा एक कागद हाताशी नाही, बिल्डर बाहेर काढतोय आणि ती रत्नागिरीला गावी निघते. जायच्या आधी रात्री ती आणि नर्स प्रभा बिल्डरच्या जाहिरातीच्या बोर्डावर दगड मारतात तेव्हा मी थेटरात मोठ्याने 'मार' म्हणाले, पुढच्या रांगेतली वळून बघायला लागली. तुझे आजोबा पण गिरणीतलेच ना गं. ८२च्या संपानंतर आजीने ही खोली कशी टिकवली ते तुला अर्धंच माहितीये, कधीतरी नीट सांगेन, तू लिहून घे हवं तर, तो जिन्यावरचा सीन मला ऐकवलेलास ना, पाण्याच्या बादल्या घेऊन उभ्या बायकांचा, तो याच्याशिवाय अर्धवट आहे असं मला तेव्हाच वाटलं होतं. आजी त्या रांगेत गप्प उभी राहणारी नव्हती.

तर काम असं की आपल्या चाळीचा बिल्डर रविवारी अकराला मीटिंग घेतोय, कमिटीवाले म्हणतात वारसांच्या सह्या लागतील. शेड्यूलमधून सुट्टी मिळत असेल तर ये, नाहीतर तसं कळव, मी पुढची तारीख मागते. कागद सगळे कपाटात वरच्या खणात आहेत, आजोबांची गिरणीची पासबुकं, भाडेपावत्या १९६४पासूनच्या, पार्वतीला बघितल्यापासून मी प्रत्येकाच्या तीन तीन झेरॉक्स काढून ठेवल्यात.

नळाला पाणी आलं वाटतं. जेवत जा.

आई